गाठ पूर्ण निघाली का?

सर्जन ऑपरेशन थिएटरबाहेर आला की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. बांबोळीला असो, मडगावला असो की मुंबईला परळमध्ये, गोव्याचा माणूस विचारतो, ‘सगळें काडलें न्हय, दोतोर?’ विचारणाऱ्याला ‘हो’ हवं असतं आणि तेवढंच हवं असतं. मेंदूच्या गाठीत मात्र हे उत्तर गाठीच्या जातीवर ठरतं, आणि पक्की जात त्या क्षणी बहुधा कुणालाच ठाऊक नसते. गेल्या शंभर वर्षांतलं ऑपरेशन आणि रेडिएशनचं संशोधन पाहिलं तर त्यातला बराच भाग या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो. पूर्ण म्हणजे किती? आणि जे उरलं त्याचं काय करायचं?

सोप्या बाजूने सुरुवात करू. मेनिंजिओमा ही गाठ मेंदूची नसते. ती मेंदूवरच्या आवरणातून उगवते आणि मेंदूला बाहेरून दाबते. तिला कड असते, बूड असतं. डोनाल्ड सिम्पसन यांनी १९५७ साली मांडलेला हिशेब आजही शिकवला जातो. गाठ, तिच्या बुडाचं आवरण आणि बाधलेलं हाड असं तिन्ही काढलं तर ती परतण्याचं प्रमाण ९ टक्के. बूड कापून न काढता नुसतं जाळलं तर १९. बूड तसंच ठेवलं तर २९. गाठीचाच थोडा भाग ठेवावा लागला तर ४४. म्हणजे इथे ‘पूर्ण’ या शब्दालाही पायऱ्या आहेत. नातेवाइकांनी विचारायचं असेल तर ‘बुडाचं काय केलं?’ असं विचारावं. उत्तरातून बरंच कळतं. गाठ डोळ्यामागच्या मोठ्या शिरेच्या पोकळीत घुसली असेल तर शहाणा सर्जन तिथला तुकडा मुद्दाम ठेवतो, कारण डोळा हलवणाऱ्या नसा तिथूनच जातात. ठेवलेल्या तुकड्याला नंतर रेडिएशनचा १२ ते १५ ग्रेचा (ग्रे हे रेडिएशनचं माप) एकच नेमका डोस देता येतो. असा तुकडा ठेवला म्हणून ऑपरेशन फसलं असं समजू नये.

अवघड बाजू ग्लायोमाची. ही मेंदूच्याच आधार-पेशींची गाठ. तिच्यातला सर्वांत दांडगा प्रकार ग्लायोब्लास्टोमा. एमआरआयवर तिच्याभोवती चकचकीत कडं दिसतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं गाठ तिथे संपली. ती तिथे संपत नाही. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीचा, बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं, तर उभं पाणी मानशीतून, म्हणजे बांधाच्या दारातून, बाहेर सोडता येतं. मातीत जिरलेलं मीठ सोडता येत नाही. ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी चांगल्या मेंदूच्या धाग्यांवरून सरकत कितीतरी पुढे गेलेल्या असतात. वॉल्टर डँडी या अमेरिकन सर्जनने १९२८ साली या प्रश्नाचा टोकाचा प्रयोग जगापुढे ठेवला. ज्यांची डावी बाजू आधीच लुळी पडली होती अशा रुग्णांचा उजवा मेंदूगोलार्ध त्याने अख्खा काढला. तरीही रोग परतला. त्यापुढे ‘अजून थोडं काढलं असतं तर’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही.

मग ऑपरेशन करायचंच कशाला? तीन कामांसाठी, आणि तिन्ही मोठी आहेत. एक, तपासणीला तुकडा मिळतो. दुसरं, दाब उतरतो: डोकेदुखी, उलटी, झापड कमी होते आणि पुढचे सहा आठवडे रेडिएशन सोसायची ताकद येते. तिसरं, शत्रूचा आकडा घटतो. ह्यूस्टनच्या एका केंद्राने ४१६ रुग्णांचा आढावा २००१ साली छापला. दिसणारी गाठ ९८ टक्के किंवा जास्त काढलेल्यांचा मध्यम आयुष्यकाळ (निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगतात तो) १३ महिने होता, त्याहून कमी काढलेल्यांचा ८.८. फरक खरा आहे, पण तो सावधपणे वाचावा. ज्यांची गाठ सोयीच्या जागी होती त्यांचीच जास्त निघाली असणार, आणि सोयीची जागा हीच मुळात नशिबाची गोष्ट. १०० टक्के निघाल्यावरही कोट्यवधी पेशी मागे असतात. म्हणून ‘सगळी काढली’ हे वाक्य या गाठीपुरतं ‘एमआरआयवर दिसणारी सगळी काढली’ असंच ऐकायचं.

ऑपरेशनची तयारी स्टेरॉइडने सुरू होते. डेक्सामेथासोन, त्रास असेल तर दिवसाला साधारण ८ ते १६ मिलिग्रॅम. गाठीभोवतीची सूज एक-दोन दिवसांत उतरते आणि घरच्यांना वाटतं रोगच हटला. ते रोगाचं नव्हे, सुजेचं काम. त्याची दुसरी गोळी दुपारपर्यंत द्यावी, रात्री दिली तर झोप उडते. साखर वाढते, मांड्यांतली ताकद जाते. पाटावरून उठताना हात टेकावा लागला की तो रोग वाढल्याचा पुरावा समजू नये, आधी गोळी आठवावी. आणि ती आपल्या मनाने एकदम थांबवू नये. एक अपवाद मात्र माहीत असलेला बरा: स्कॅनवर लिम्फोमाचा (पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरचा) संशय असेल आणि रुग्ण स्थिर असेल तर तुकडा काढण्याआधी स्टेरॉइड टाळतात. लिम्फोमा त्याने विरघळतो, आणि मग सुई घालूनही हाती काही लागत नाही. फिटचा झटका येऊन गेला असेल तर त्याचं औषध चालूच राहतं. स्कूटर, विहिरीचा काठ, समुद्रस्नान सध्या बंद. माडावर चढणाऱ्या पाडेल्याला हे सांगणं म्हणजे त्याची रोजी थांबवणं असतं; तरी ते स्पष्ट सांगावं लागतं.

थिएटरमध्ये डोकं तीन खिळ्यांच्या चौकटीत घट्ट धरतात. नेव्हिगेशन यंत्राला रुग्णाचा एमआरआय आणि प्रत्यक्ष डोकं यांची जुळणी करून देतात. मग हातातल्या टोकाची जागा पडद्यावर मिलिमीटरात दिसते. इथे एक फसगत ठरलेली. कवटी आणि आवरण उघडलं, मॅनिटॉल या सूज उतरवणाऱ्या औषधाने मेंदू आकसला, मेंदूभोवतीचं पाणी वाहून गेलं, गाठीचा काही भाग निघाला, की मेंदू खाली बसतो, कधी कधी सेंटिमीटरभर. पडदा मात्र कालच्या एमआरआयवरच चालतो. सुरुवातीला नेव्हिगेशनवर भरवसा आणि शेवटाला संशय, असा हा व्यवहार. म्हणून चालू ऑपरेशनमध्येच अल्ट्रासाऊंड लावून पाहतात. काही मोजक्या ठिकाणी थिएटरमध्येच एमआरआय आहे. फ्रँकफर्टच्या २०११ च्या चाचणीत थिएटरमधल्या एमआरआयने दिसणारी गाठ पूर्ण काढल्याचं प्रमाण ९६ टक्के आलं, त्याच्याविना ६८. अल्ट्रासाऊंडची किंमत त्या यंत्राच्या मानाने नगण्य. छोट्या राज्यातल्या रुग्णालयाने आधी काय घ्यावं याचं उत्तर मला यात दिसतं.

दुसरी युक्ती रंगाची. ५-एएलए नावाची पूड पाण्यात कालवून भूल देण्याच्या साधारण तीन तास आधी पाजतात, किलोमागे २० मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला १.२ ग्रॅम. गाठीच्या पेशी तिच्यापासून एक लाल चमकणारं द्रव्य साठवतात. मायक्रोस्कोपचा पांढरा दिवा बंद करून निळा लावला की चांगला मेंदू निळसर आणि गाठ लालगुलाबी दिसते. जर्मनीतल्या २००६ च्या चाचणीत या रंगामुळे, एमआरआयवर दिसणारी गाठ पूर्ण काढण्याचं प्रमाण ३६ वरून ६५ टक्क्यांवर गेलं, आणि सहा महिने रोग न वाढता राहिलेले २१ वरून ४१ टक्के झाले. मर्यादाही त्याच चाचणीने दाखवल्या: एकूण आयुष्यकाळात ठळक फरक दिसला नाही. कमी दर्जाच्या, म्हणजे हळू वाढणाऱ्या, गाठी बहुधा चमकत नाहीत. रक्ताच्या पातळ थराखालीही चमक झाकली जाते. शिवाय पुढचा दिवसभर रुग्णाला प्रखर उजेडापासून जपावं लागतं, नाहीतर कातडी भाजते. गोव्यातल्या एप्रिलच्या उन्हात वॉर्डाच्या खिडकीचा पडदा ओढायला विसरू नये, इतकी साधी गोष्ट. पण ती नर्सला आधी सांगून ठेवावी लागते.

गाठ बोलण्याच्या किंवा हात हलवण्याच्या जागेजवळ असेल तर रुग्णाला मध्येच जागं करतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखते कातडी आणि आवरण, आणि तिथे बधिर करणारी इंजेक्शनं दिलेली असतात. सर्जन दोन टोकांच्या सळीने मेंदूवर बारीक वीज देतो, १ मिलिअँपिअरपासून हळूहळू वर, एका जागी फार तर चार सेकंद. समोर बसलेला माणूस चित्रं दाखवत राहतो. रुग्ण अडखळला, चुकीचं नाव आलं किंवा शब्दच सुचला नाही, की त्या जागेवर कागदाचा नंबर ठेवायचा आणि ती सोडायची. विजेने झटका आला तर बर्फासारखं थंड सलाईन मेंदूवर ओततात, बहुधा तेवढ्याने थांबतो. चित्रांचा संच आदल्या दिवशी रुग्णाला दाखवून घ्यावा लागतो. जे चित्र त्याला तेव्हाच ओळखता आलं नाही ते बाद, नाहीतर थिएटरमधली चूक विजेमुळे झाली की मुळातच येत नव्हतं हे कसं कळणार? परदेशी संचातल्या लोकरी हातमोज्यांपेक्षा इथल्या माणसाला नारळ, होडी, कोयता, समई बरी.

गोव्यात यात एक वेगळी गुंतागुंत आहे. माणूस घरी कोंकणी बोलतो, वर्तमानपत्र आणि पोथी मराठी वाचतो, शाळा इंग्रजीत झालेली असते, बाजारात हिंदी चालते. वृद्ध असेल तर पोर्तुगीजही. ओजेमन आणि व्हिटेकर यांनी १९७८ साली दाखवलं की दोन भाषा बोलणाऱ्याच्या मेंदूत काही जागा दोन्ही भाषांच्या सामायिक असतात, तर काहींना वीज दिली की एकच भाषा अडते. म्हणजे फक्त मराठीत तपासून ‘इथे काही नाही’ म्हणत ती जागा काढली, तर माणूस घरी जाऊन आईशी बोलताना अडखळेल. कुठल्या भाषा तपासायच्या हे रुग्णाने आधी सांगायला हवं, आणि त्या भाषा बोलणारा माणूस थिएटरात हवा. याला महागडं यंत्र लागत नाही. अशा विजेच्या तपासणीचा उपयोग किती? ८,००० हून जास्त रुग्णांचे अहवाल एकत्र करून २०१२ साली हिशेब मांडला गेला. तपासणी केलेल्यांत कायमचं मोठं अपंगत्व ३.४ टक्क्यांना आलं, न केलेल्यांत ८.२ टक्क्यांना. शिवाय तपासणी केलेल्यांत गाठही जास्त निघाली होती, कारण कुठे थांबायचं ते कळलं की त्याच्या अलीकडे निर्धास्त हात चालतो.

ऑपरेशननंतरचा पहिला एमआरआय ४८ तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत काढून घ्यावा. ही गोष्ट वारंवार हुकते. रुग्ण बरा दिसतो, स्कॅनला नेण्याची दगदग नको, सुट्टीचा दिवस मध्ये येतो, आणि स्कॅन पुढच्या आठवड्यावर ढकलला जातो. तोवर जखम भरायला लागते आणि भरणारी जखमही औषध टोचल्यावर गाठीसारखीच चमकते. किती उरली हे मग कुणालाच खात्रीने सांगता येत नाही, आणि पुढे वर्षभर प्रत्येक स्कॅनची तुलना त्या धूसर चित्राशी होत राहते.

तुकडा फॉर्मॅलिनमधून पॅथॉलॉजीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वर्गीकरणापासून नुसतं मायक्रोस्कोपखाली पाहून भागत नाही. आयडीएच जनुकात बदल आहे का, गुणसूत्रांचे १पी आणि १९क्यू हे भाग गळालेत का, हे पाहिल्याशिवाय ग्लायोमाचं नावच ठरत नाही. एमजीएमटी ही तपासणी नावासाठी नसते. औषध किती लागू पडेल याचा अंदाज तिच्यावरून येतो. यातल्या काही तपासण्या बाहेरगावी जातात. रुग्ण दुसरीकडे न्यायचा असेल तर रिपोर्टाच्या कागदाबरोबर तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या पट्ट्या मागून घ्याव्यात, आणि एमआरआयची फिल्म नव्हे, सीडी. फिल्मवरून रेडिएशनचं नियोजन होत नाही. या दोन वस्तूंसाठी मागे माणूस धाडावा लागला की आठवडा जातो.

रेडिएशन जखम भरल्यावर, साधारण तीन ते सहा आठवड्यांच्या आत सुरू करतात. फार लवकर केलं तर टाक्यांची कड उघडते. फार लांबवलं तर गाठ थांबून राहत नाही.

सुरुवात मास्कने होते. प्लास्टिकचा जाळीदार, दोन-तीन मिलिमीटर जाडीचा पत्रा ६५ ते ७० अंश गरम पाण्यात बुडवतात. दोन-तीन मिनिटांत तो मऊ पडतो. पाणी निथळून तो चेहऱ्यावर ओढतात, बाजूंनी पाटाला अडकवतात, आणि तंत्रज्ञ बोटांनी नाकाची दांडी, कपाळ, हनुवटी दाबून बसवतो. चेहऱ्याला ऊब लागते, चटका नाही. दहा-पंधरा मिनिटांत तो कडक होतो, आणि कडक होताना किंचित आकसतो. पुढचे तीस दिवस डोकं रोज त्याच जागी यावं यासाठी हा खटाटोप. बिघडतं ते इथेच. जाड वेणी मास्कखाली राहिली तर डोकं रोज वेगळं वळतं. केस कापायचे असतील तर मास्कच्या आधी, नंतर नव्हे. चमकी, कुड्या काढायच्या, नाहीतर सीटीवर धातूच्या रेघा उठतात. स्टेरॉइडने तोंड सुजलं की तिसऱ्या आठवड्यात मास्क रुततो. गोळी उतरवली की तोच ढिला होतो. ढिला झाला तर लगेच सांगावं. ‘बरं वाटतंय, मोकळं झालं’ म्हणून गप्प बसणारे रुग्ण पुष्कळ. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी तेही पहिल्याच दिवशी सांगावं. डोळ्यांपुरता उघडा मास्कही बनतो.

मास्क घालून सीटी काढतात, एक-दोन मिलिमीटरच्या चकत्यांचा. त्यावर एमआरआय बसवतात आणि डॉक्टर एकेका चकतीवर रेघ ओढतो. आधी ऑपरेशनची पोकळी आणि उरलेली गाठ. तिच्याभोवती दीड ते दोन सेंटिमीटर, न दिसणाऱ्या पेशींसाठी. हाड आणि मधला पडदा येईल तिथे ती रेघ आत घ्यायची, कारण पेशी हाडातून चालत नाहीत. त्यावर आणखी तीन ते पाच मिलिमीटर, रोजच्या हलण्यासाठी. दोन सेंटिमीटर कुठून आले? जुन्या काळी पूर्ण डोक्याला रेडिएशन द्यायचे. १९८० च्या एका अभ्यासात दिसलं की दहांतल्या नऊ ग्लायोब्लास्टोमा मूळ जागेपासून दोन सेंटिमीटरच्या आतच परततात. मग उरलेल्या मेंदूला शिक्षा कशाला?

डोस ६० ग्रे, रोज २, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. हाही आकडा रुग्णांनीच दिलेला आहे. अमेरिकेतल्या १९७० च्या दशकातल्या चाचणीत नुसत्या आधार-उपचारावर मध्यम आयुष्य १४ आठवडे होतं, रेडिएशनने ते सुमारे ३५ वर गेलं. पुढे ५० ग्रेला २८ आठवडे, ५५ ला ३६, ६० ला ४२ असा चढ दिसला; ७० ला मात्र काही वाढलं नाही. ‘डोकं आतून भाजेल का?’ असं बरेच जण विचारतात. साठच्या साठ ग्रे एकाच वेळी दिले तरी मेंदूचं तापमान एका अंशाच्या सत्तराव्या भागानेच चढेल. काम उष्णतेचं नसतं, डीएनएचे दोन्ही धागे तुटण्याचं असतं. रोज थोडं द्यायचं कारणही त्यातच आहे: चांगल्या पेशी सहा-आठ तासांत दुरुस्ती करून घेतात, गाठीच्या पेशींना ते तितकं जमत नाही. डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आणि मेंदूच्या देठाला साधारण ५४ ग्रेच्या वर जाऊ देत नाहीत. गाठ तिथे चिकटून असेल तर तेवढ्या कोपऱ्यात डोस कमी ठेवावा लागतो, आणि हा सौदा नातेवाइकांना समजावून सांगायला हवा.

२००५ साली ५७३ रुग्णांच्या चाचणीने टेमोझोलोमाइड ही कॅप्सूल जोडली. मध्यम आयुष्य १२.१ वरून १४.६ महिन्यांवर गेलं. अडीच महिने ऐकून लोकांचा चेहरा पडतो. पण दोन वर्षं जगलेले १०.४ वरून २६.५ टक्के झाले, आणि माझ्या मते सांगावा तो हा आकडा. मध्यम म्हणजे निम्मे त्याच्या पुढे असतात. कॅप्सूल शरीराच्या क्षेत्रफळाच्या चौरस मीटरमागे ७५ मिलिग्रॅम, रिकाम्या पोटी, रेडिएशनच्या तासभर आधी, उलटीच्या गोळीनंतर. सर्वांत जास्त होणारी चूक: शनिवार-रविवारी रेडिएशन नाही म्हणून कॅप्सूलही घेत नाहीत. ती सातही दिवस घ्यायची असते. दर आठवड्याला रक्त तपासायचं. प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्या तर थांबवायची. पावसाळ्यात ताप आला आणि प्लेटलेट उतरल्या की गावातला डॉक्टर डेंग्यू म्हणून मोकळा होतो. त्याला कॅप्सूलचं नाव आधी सांगावं.

सहा आठवडे यंत्राजवळ राहायचं, हे गोव्यात उपचाराइतकंच मोठं काम ठरतं. परळला नंबर लागला तर कोकणकन्येने रात्रभर प्रवास करून सकाळी दादरला उतरायचं, गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का पाहायचं, सोबत एक कमावता माणूस अडकतो. काणकोण किंवा सत्तरीहून रोज ये-जा करणाऱ्याचाही दिवस जातो. मध्ये चवथ (गणेशचतुर्थी) आली की घरी जायचा हट्ट होतो. दोन दिवस ठीक, शनिवारी भरून काढता येतात; आठवडा गेला तर उपचारच पातळ होतो. म्हणून मला नव्या यंत्रांपेक्षा उपचार छोटा करणारं संशोधन जास्त मोलाचं वाटतं. वय ६५ च्या वर असेल तर १५ दिवसांत ४० ग्रे आणि सोबत कॅप्सूल, हे २०१७ च्या चाचणीत नुसत्या १५ दिवसांच्या रेडिएशनपेक्षा सरस ठरलं: ९.३ महिने विरुद्ध ७.६. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने अनेक देशांत वृद्ध आणि अशक्त ९८ रुग्णांवर त्याहून पुढे जाऊन पाहिलं: ५ दिवसांत २५ ग्रे. १५ दिवसांच्या उपचारापेक्षा ते उणं पडलं नाही. ज्याच्याकडे काही महिनेच आहेत त्याचे पाच आठवडे वाचणं ही लहान गोष्ट नाही. अशा रुग्णाला तीस दिवसांचा कागद देण्याआधी हे दोन पर्याय बोलले गेले पाहिजेत.

उलट लहान मुलांच्या सौम्य गाठींत घाई नको, नेमकेपणा हवा. टाटा मेमोरियलमध्ये ३ ते २५ वयाच्या २०० रुग्णांवर झालेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. डोस तोच, ५४ ग्रे, पण एका गटात कडा अगदी आवळून. गाठ दोन्हीकडे सारखीच आटोक्यात राहिली. आवळून दिलेल्यांची बुद्धी आणि हार्मोन मात्र पाच वर्षांनी चांगले टिकले.

दुसऱ्या अवयवातून मेंदूत आलेल्या गाठीचा व्यवहार वेगळा. तिला कड असते. केंटकीत पॅचेल यांनी १९९० साली एकच गाठ असलेल्या ४८ रुग्णांत दाखवलं की ऑपरेशन आणि रेडिएशन मिळून ४० आठवडे मिळतात, नुसत्या रेडिएशनने १५. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, जी मला मूळ निकालाइतकीच महत्त्वाची वाटते: कॅन्सर पसरलाय असं स्कॅनवरून गृहीत धरलेल्या ५४ जणांपैकी ६ जणांचा तुकडा तपासल्यावर ते खोटं निघालं. आपल्याकडे क्षय आणि पोटातल्या जंताच्या गाठीही मेंदूत होतात. तुकडा न घेता शिक्का मारणं किती धोक्याचं ते यावरून समजावं. पूर्ण डोक्याच्या रेडिएशनने नव्या गाठी कमी होतात हे खरं. पण २००९ च्या चाचणीत चार महिन्यांनी शिकण्या-आठवण्याची शक्ती घसरल्याचं प्रमाण ५२ टक्के आलं, नुसत्या नेमक्या डोसला २४, आणि चाचणी ५८ रुग्णांवरच थांबवावी लागली. आता थोड्याच गाठी असतील तर एकेकीवर नेमका डोस देतात: दोन सेंटिमीटरपर्यंत २४ ग्रेइतका, तीनपर्यंत १८, चारपर्यंत १५. मोठीला कमी, कारण भोवतालचा मेंदू जास्त सापडतो.

ऑपरेशन केलं आणि पोकळी तशीच सोडली तर वर्षभरात अर्ध्याहून जास्त तिथेच परततात, म्हणून पोकळीलाही डोस लागतो. पण पोकळीचा आकार आठवड्यागणिक बदलतो, कड धूसर असते, आणि रुग्ण घरी गेला की वेळेवर परत येत नाही. यावर उलट क्रम तपासला जातोय: आधी गाठीला नेमका डोस, एक-दोन दिवसांत ऑपरेशन. अमेरिकेत एनआरजी-बीएन०१२ ही चाचणी त्याचसाठी उभी केली आहे. सर्जन आणि रेडिएशनचं यंत्र दोन वेगळ्या गावांत असतील तर हा क्रम कागदावर कितीही चांगला असला तरी जमणार नाही.

राहिला रेडिएशननंतरचा पहिला एमआरआय, साधारण महिन्याने. त्यात गाठ वाढलेली दिसली की घरात रडारड होते. पहिल्या तीन महिन्यांत रेडिएशनच्या सुजेने आणि मरणाऱ्या पेशींनीही तेच चित्र दिसतं, विशेषतः एमजीएमटी अनुकूल असलेल्यांत. म्हणून २०१० साली जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवलेला नियम असा की १२ आठवड्यांच्या आत, मुख्य डोसच्या पट्ट्याबाहेर नवीन काही उगवलं किंवा तुकडा तपासून सिद्ध झालं, तरच रोग वाढला म्हणायचं. एरवी रुग्ण बरा असेल तर कॅप्सूल चालू ठेवून सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन. जमल्यास त्याच यंत्रावर, आणि आधीच्या सगळ्या सीडी घेऊन. नुसते रिपोर्टचे कागद पुढे केले तर वाचणाऱ्याला तुलना करता येत नाही. वर्ष-दोन वर्षांनी दिसणारी मृत पेशींची गाठ ही वेगळी बाब. तिला स्टेरॉइड, नाही भागलं तर बेव्हासिझुमॅब हे औषध, आणि दाब फारच वाढला तर पुन्हा एकदा थिएटर.